अक्षराचा आज्ञार्थ : फ्युचुरा बोल्ड ऑब्लिकचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने छापखान्यातल्या खिळ्यांबद्दल कशाला बोलावं? शंका रास्त आहे. पण तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न आहे : एखादी गोष्ट सांगितली जाते तेव्हा तिचा अर्थ शब्दांतच असतो, की ती ज्या तऱ्हेने सांगितली जाते त्यातही असतो? बोलताना आपण हे सहज ओळखतो. ‘ये’ हा एकच शब्द आई उच्चारते आणि फौजदार उच्चारतो, तेव्हा दोन वेगळी वाक्यं तयार होतात. छापील शब्दाला मात्र गळा नसतो. तिथे आवाजाचं काम अक्षराचं वळण करतं. ते कसं, हे आपण आज एकाच उदाहरणावरून पाहणार आहोत.

उदाहरण आहे फ्युचुरा या टाइपाचं, आणि त्यातही त्याच्या जाड, तिरक्या वळणाचं. जाणकार त्याला फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक म्हणतात. तांबड्या पट्टीवर पांढरी, जाड, उजवीकडे झुकलेली अक्षरं तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असणारच. निदान एखाद्या मुलाच्या टी-शर्टवर तरी. या अक्षरात तीन गुण एकत्र आले आहेत. ते जाड आहे, ते तिरकं आहे, आणि त्याला सेरिफ नाही. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या काठीला वर-खाली असणारी बारीकशी टाच. आता गंमत अशी, की हे तीन गुण एका घरात जन्मलेले नाहीत. तिघांची जन्मगावं वेगळी, शतकं वेगळी आणि कामंही वेगळी. तेव्हा आधी तिघांची ओळख करून घेऊ.

सगळ्यात जुना आहे तिरकेपणा. व्हेनिसमधला छापखानदार आल्दुस मानुतिउस याने १५०१ साली व्हर्जिलच्या काव्याची एक लहान आकाराची प्रत काढली. सबंध पुस्तक तिरक्या टाइपात होतं. तो टाइप फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिराने कोरला होता, आणि त्याचा नमुना होता त्या काळच्या इटालियन विद्वानांचं भराभर लिहिलेलं हस्ताक्षर. म्हणून तो ‘इटॅलिक’. आपल्याकडे बालबोध आणि मोडी यांचं जे नातं, साधारण तसंच हे नातं समजा. एक सावकाश, सुटं लिहिण्याचं वळण आणि दुसरं हात न उचलता, वेगाने लिहिण्याचं. या पहिल्या इटॅलिकमध्ये ठासून सांगण्याचा काही भाग नव्हता. हातात मावेल असं पुस्तक, त्यात विद्वानाच्या हस्ताक्षराची छटा, एवढंच. सबंध पानच तिरकं असेल तर ठासून सांगायचं तरी काय?

पुढच्या काही दशकांत युरोपातले मुद्रक उभ्या टाइपाच्या ओळीत मधला एखादा शब्द इटॅलिकमध्ये घालू लागले, आणि तिरक्या अक्षराला नवं काम मिळालं : ‘इकडे लक्ष द्या’ असं सांगण्याचं. इथे जरा थांबून आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत जोर द्यायला अक्षर वाकवावं लागत नाही. आपल्याकडे ‘च’ आहे. ‘मी गेलो’, ‘मीच गेलो’, ‘मी गेलोच’. एका अक्षराने जोर कुठे आहे ते कळतं, आणि तो वाक्यात हवा तिथे सरकवता येतो. इंग्रजीत हे काम बोलताना आघात करतो. आघात कागदावर दिसत नाही, म्हणून इटॅलिकची गरज. देवनागरीत तिरक्या टाइपाची परंपरा का रुजली नाही, याला शिरोरेषेपासून अनेक कारणं देता येतील. पण आम्हाला वाटतं, त्यात या ‘च’चाही वाटा असावा. आज संगणकावर बटण दाबून मराठी मजकूर तिरका होतो, पण ते वळण नव्हे. ती नुसती ढकललेली अक्षरं.

दुसरा गुण, टाच नसणं. सेरिफ नसलेलं रोमन अक्षर अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात वास्तुकारांच्या आराखड्यांत दिसू लागलं. जॉन सोन हा त्यातला ठळक वास्तुकार. ओढ होती प्राचीन ग्रीस-रोमच्या शिलालेखांची, म्हणजे नव्याची नसून अतिप्राचीनाची! छापखान्यात ते आलं १८१६च्या सुमारास. लंडनच्या चौथ्या विल्यम कॅस्लनच्या नमुनापुस्तकात त्याची एकच ओळ होती, आणि तीही फक्त कॅपिटल अक्षरांची. नाव दिलं होतं ‘इजिप्शियन’. ‘सॅन्स-सेरिफ’ हे नाव १८३०च्या दशकात व्हिन्सेंट फिगिन्सच्या नमुन्यांत आलं, तर दुसऱ्या एका ओतशाळेने त्याला ‘ग्रोटेस्क’ म्हटलं. ग्रोटेस्क म्हणजे विचित्र, बेढब. आज ज्याला आपण साधं, स्वच्छ म्हणतो ते अक्षर सुरुवातीला बेढब वाटत होतं. डोळ्यालाही इतिहास असतो तो असा.

तिसरा गुण, जाडी. ही रस्त्यावरची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या भिंतींवर सोडतीच्या आणि नाटकांच्या जाहिराती एकमेकींशी भांडू लागल्या, आणि अक्षरं लठ्ठ होत गेली. ज्याचा आवाज मोठा, त्याच्याकडे गिऱ्हाईक वळतं. पुढे १८४५ साली रॉबर्ट बेस्ली याने ‘क्लॅरेंडन’ हा ठळक टाइप नोंदवून घेतला. हा मजकुराच्या टाइपाशेजारी बसणारा होता, म्हणून शब्दकोशातल्या मुख्य शब्दांना उपयोगी पडला. रस्त्यावरची जाडी अशी अभ्यासिकेत शिरली.

म्हणजे बघा, तिरकेपणा विद्वानाच्या हातातून आला, टाच गेली ती प्राचीनाच्या ओढीने, आणि जाडी आली बाजारातून. तिघांपैकी एकाच्याही जन्मपत्रिकेत ‘हुकूम’ असं लिहिलेलं नव्हतं.

आता जर्मनीत जाऊ. पाउल रेनर यांचा जन्म १८७८चा. मूळचे चित्रकार, आणि म्युनिकमधल्या एका प्रकाशनसंस्थेसाठी पारंपरिक धाटणीची देखणी पुस्तकं सजवणारे गृहस्थ. बंडखोर तरुण नव्हेत. १९२४ साली याकोब हेग्नर या प्रकाशकाने त्यांना आपल्या काळाला शोभेल असं एक अक्षर करायला सुचवलं. रेनर तेव्हा पंचेचाळिशी ओलांडून गेले होते. त्यांनी रेखाटनं केली, फ्रांकफुर्टच्या बाउअर ओतशाळेने ती हाती घेतली, आणि १९२७ साली टाइप बाजारात आला. नाव फ्युचुरा, म्हणजे भविष्य. पुष्कळ जण याला बाउहाउसचं अपत्य समजतात. पण रेनर बाउहाउसमध्ये कधीच नव्हते. हवा तीच होती, एवढं खरं.

कल्पना अशी : वर्तुळ, त्रिकोण, चौकोन या मूळ आकारांवर अक्षर उभं करायचं. सुरुवातीच्या आराखड्यांत काही अक्षरं भलतीच धाडसी होती. लहान ‘आर’ म्हणजे एक काठी आणि शेजारी एक टिंब! ओतशाळेबरोबरच्या कामात हे अतिरेक हळूहळू बाजूला झाले. मोठ्या अक्षरांची प्रमाणं मात्र प्राचीन रोमन शिलालेखांची राहिली. ‘ओ’ रुंद, ‘ई’ आणि ‘एस’ अरुंद. भविष्य नावाच्या अक्षराच्या हाडात दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड आहे.

आणखी एक. फ्युचुरा कंपासने काढलेला वाटतो, पण तसा तो नाही. जिथे गोल भाग काठीला मिळतो तिथे रेघ थोडी बारीक केलेली आहे, नाहीतर सांध्यावर शाईचा डाग पडल्यासारखं दिसतं. जाड वळणात ही अडचण फार वाढते. रेघ जाड झाली की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा आक्रसते, आणि ‘ई’, ‘ए’ यांचा जीव गुदमरतो. आता तेच जाड अक्षर तिरकं करा. वर्तुळ बाजूला ढकललं की ते नुसतं कलत नाही. दोन कोपऱ्यांत फुगतं, उरलेल्या दोन कोपऱ्यांत पातळ होतं. डोळ्याला ‘ओ’ पुन्हा सारखा दिसायला हवा असेल, तर हाताने दुरुस्त करावा लागतो. म्हणून चांगलं तिरकं वळण वेगळं काढावंच लागतं. फ्युचुराची तिरकी भावंडं १९३०पासून येऊ लागली, आणि त्याच दशकात जाड वळणालाही तिरकी जोड मिळाली.

याला इटॅलिक न म्हणता ‘ऑब्लिक’ का म्हणायचं? कारण खऱ्या इटॅलिकमध्ये अक्षराची घडणच बदलते, लेखणीच्या ओघाने ते वळतं, जोडलं जातं. फ्युचुरात लेखणी नव्हतीच. त्याचा ‘ए’ आधीच एक गोल आणि एक काठी. कलल्यावर तो कललेला गोल आणि कललेली काठी होतो. हात गेला, फक्त कल राहिला. पाचशे वर्षांपूर्वी जो कल माणसाच्या हाताची खूण होता, तो इथे वेगाची खूण झाला. धावणाऱ्याचं अंग पुढे झुकतं तसा. जाडी म्हणजे मोठा आवाज. टाच नाही म्हणजे आडपडदा नाही, नम्रता नाही. तिन्ही एकत्र आले, आणि अक्षराला जे मिळालं त्याला मराठी व्याकरणातलं नेमकं नाव आहे : आज्ञार्थ. शाळेत आपण शिकलो आहोत, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. क्रियापदाचे हे चार अर्थ. फ्युचुरा बोल्ड ऑब्लिकमध्ये ‘आज पाऊस पडला’ असं साधं स्वार्थी वाक्य छापलं, तरी ते छत्री घ्या म्हणून दटावतंय असं वाटतं.

मग हे अक्षर हुकूमशहाचं का? प्रश्न नुसता कल्पनेतला नाही, कारण त्याच्या कर्त्याला खऱ्या हुकूमशाहीशी गाठ पडली. रेनर १९२७पासून म्युनिकच्या मुद्रणशाळेचे प्रमुख होते. यान चिकोल्ट या तरुण मुद्रणकाराला त्यांनीच तिथे शिकवायला बोलावलं. आधुनिक कलेला ‘सांस्कृतिक बोल्शेव्हिझम’ म्हणून झोडपण्याची मोहीम नाझींनी चालवली होती, तिला उत्तर म्हणून रेनर यांनी १९३२ साली एक पुस्तिका लिहिली आणि ती झुरिकहून प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. मार्चमध्ये चिकोल्टना अटक झाली, आणि सुटल्यावर ते स्वित्झर्लंडला गेले. एप्रिलमध्ये रेनर यांना अटक झाली. सुटका लवकर झाली, पण पद गेलं. ज्याचं अक्षर जगभर पसरत होतं, तो माणूस स्वतःच्या शाळेत पाऊल ठेवू शकत नव्हता.

फ्युचुराचं काय झालं? काही नाही. तो विकला जात होता, छापला जात होता. इकडे नाझींचा ओढा आरंभी फ्राक्टुर या जुन्या जर्मन वळणाकडे होता. त्या वळणाला इटॅलिक नाही. जोर द्यायचा तर अक्षरं लांब लांब ठेवायची, अशी त्यांची रीत. तेच ‘आपलं’ जर्मन अक्षर म्हणून मिरवलं गेलं. आणि मग ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमानच्या सहीने परिपत्रक निघालं, की हे वळण मुळात ज्यूंचं आहे, आता नेहमीचं रोमन वळण वापरायचं. यात इतिहास म्हणून काडीचं तथ्य नव्हतं. गरज इतकीच, की जिंकलेल्या देशांतल्या लोकांना हुकूम वाचता यायला हवेत. आणि त्या परिपत्रकाचं छापील शीर्षक होतं फ्राक्टुरमध्येच! तिकडे अमेरिकेत उलट टोक. नाझी टाइपावर बहिष्कार टाका, असं आवाहन मुद्रकांना झालं, आणि जर्मन फ्युचुराऐवजी त्याच्या अमेरिकी नकला वापरा म्हणून सांगितलं गेलं. म्हणजे ज्याला नाझींनी पदावरून काढलं, त्याचंच अक्षर नाझी ठरलं.

यातून काय दिसतं? अक्षराला जात, धर्म, पक्ष चिकटवणं ही चूक दोन्हीकडून झाली. पण म्हणून अक्षर अगदी निर्गुण, निराकार आहे असंही नाही. वळण आवाज देतं, आणि आवाजाचा परिणाम होतो. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानायच्या कशा, याचं उत्तर आम्हाला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात मिळण्याआधी एका चित्रकर्तीच्या कामात दिसतं.

बार्बरा क्रूगर यांचा जन्म १९४५चा, न्यू जर्सीतल्या न्यूआर्कचा. न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांसाठीच्या एका गुळगुळीत मासिकात त्या पानं सजवायच्या. म्हणजे चित्र आणि ठसठशीत शब्द एकत्र आले, की वाचकाचा हात खिशाकडे कसा वळतो, ही विद्या त्यांनी नोकरीत शिकून घेतली. पुढे १९८०च्या दशकात त्यांनी हीच विद्या उलटी फिरवली. जुन्या मासिकांतली काळी-पांढरी छायाचित्रं घ्यायची, त्यावर मुख्यतः फ्युचुरा बोल्ड ऑब्लिकमध्ये थोडेच शब्द ठेवायचे, पुष्कळदा तांबड्या पट्टीवर पांढरे. दिसायला जाहिरात. विकायला मात्र काही नाही.

१९८७च्या त्यांच्या एका चित्रात हाताच्या बोटांत धरलेलं एक कार्ड आहे. देकार्तने अस्तित्वाचा पुरावा विचारात शोधला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. क्रूगरनी त्या वाक्यातला विचार काढला आणि तिथे खरेदी बसवली. मी विकत घेतो, सबब मी आहे. १९८९मध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी वॉशिंग्टनला स्त्रियांचा मोठा मोर्चा निघाला, त्याच्या निमित्ताने त्यांनी एक चित्र केलं. स्त्रीचा चेहरा मधोमध दुभागलेला, अर्धा सुलट आणि अर्धा छायाचित्राच्या निगेटिव्हसारखा उलट. आणि शब्द असे, की तुझा देह हीच रणभूमी आहे. इथे अक्षराचा आज्ञार्थ कामाला लागला, पण हुकूम सुटत नाही. ज्या आवाजात आजवर बाईला ‘हे वापर, अशी दीस’ असं सांगितलं गेलं, त्याच आवाजात तिला सांगितलं जातंय की तुझ्यावर लढाई चालली आहे. आवाज तोच, बोलणारी बदलली.

क्रूगर यांच्या वाक्यांत एक गोष्ट सारखी येते : सर्वनामं. मी, तू, आम्ही, तुमचं. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द आहे. मराठीत मात्र आपल्याला निवड करावी लागते, ‘आम्ही’ की ‘आपण’? ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. त्यांच्या १९८३च्या एका चित्राचा आशय असा आहे, की तुमची संस्कृती उभी राहावी म्हणून निसर्गाची भूमिका आम्ही वठवणार नाही. हा ‘आम्ही’ आहे, ‘आपण’ नव्हे, हे मराठी माणसाला लगेच कळतं. जाता जाता आणखी एक ‘वुई’ पाहा. जुलै १९६९मध्ये चंद्रावर जी पाटी ठेवली गेली, तीही फ्युचुरातच आहे. पण उभ्या, शांत, मोठ्या अक्षरांत. अखिल मानवजातीसाठी शांततेने आलो, असं ती म्हणते. तो ‘वुई’ म्हणजे ‘आम्ही’ का ‘आपण’? त्याखाली तीन अंतराळवीरांच्या आणि अमेरिकेच्या अध्यक्षांच्या सह्या आहेत. उत्तर तुम्हीच ठरवा. एकाच घराण्यातलं अक्षर. उभं राहिलं तर शिलालेख, जाड होऊन झुकलं तर आरोळी.

आता शेवटचा अंक. १९९४ साली न्यूयॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर स्केटबोर्डवाल्या मुलांसाठी एक दुकान निघालं, नाव ‘सुप्रीम’. त्याचं चिन्ह म्हणजे तांबड्या चौकटीत पांढरं, जाड, तिरकं फ्युचुरा. सारखेपणा सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दुकान वाढलं, कंपनी झाली, आणि २०२० साली दोन अब्जांहून अधिक डॉलरना विकली गेली. त्याआधी २०१३मध्ये या कंपनीने दुसऱ्या एका कपडेवाल्या कंपनीवर, तिने आपल्या चिन्हाची नक्कल केली म्हणून, एक कोटी डॉलरचा दावा लावला. तांबड्या चौकटीवर मालकी सांगण्याचा हा प्रकार! क्रूगर यांना पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्यांनी या सगळ्या मंडळींची खिल्ली उडवली. स्वतः मात्र कोर्टात गेल्या नाहीत. अमेरिकी कायद्यात अक्षराच्या आकारावर कॉपीराइट मिळत नाही, आणि त्यांनी तरी अक्षर कुठे निर्माण केलं होतं? ते रेनर यांचं होतं, आणि रेनर यांच्या हाताला ते कॅस्लन, ग्रिफो आणि कोण्या अनाम रोमन पाथरवटाकडून आलं होतं.

मग गेलं काय? आमच्या मते, सर्वनाम गेलं. ‘सुप्रीम’ हे नुसतं विशेषण आहे. सर्वोच्च. कोण? कशात? कुणाहून? वाक्यच नाही, त्यामुळे खरं-खोटं ठरवता येत नाही. बोलणारा दिसत नाही, त्यामुळे जाब विचारता येत नाही. आज्ञार्थ शिल्लक राहिला, पण आज्ञा देणारा पडद्याआड गेला.

क्रूगर यांचं उत्तर कोर्टाबाहेर आलं. २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या तिकीटकार्डांवर आधी सुप्रीमचं चिन्ह झळकलं होतं. त्याच वर्षाअखेर परफॉर्मा या कलामहोत्सवासाठी क्रूगर यांनी तशाच कार्डांवर आपले शब्द छापले. शिवाय स्केटबोर्डच्या मैदानावर अक्षरं रंगवली आणि एक तात्पुरतं दुकानही मांडलं. कार्डांवर प्रश्न होते : ही आशा कुणाची, हा न्याय कुणाचा, अशा जातीचे. हुकमाच्या आवाजात प्रश्न. रोज कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात तो जाऊन बसला. विशेषणाला उत्तर देता येत नाही. प्रश्नाला द्यावं लागतं.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. अर्थ शब्दात की तऱ्हेत? आम्ही असं म्हणू : वळण जोर देतं, जबाबदारी वाक्य घेतं. जोर आहे आणि वाक्य नाही, अशी अक्षरं आज आपल्याभोवती फार झाली आहेत. निवडणुकीच्या फलकांवर, दुकानांच्या पाट्यांवर, मोबाइलच्या पडद्यावर. मराठीतही आता जाड, तिरकी, बिनटोकाची अक्षरं सर्रास आहेत, आणि ‘च’ असूनही आपण त्यांच्यापुढे उद्गारचिन्हांची रांग लावतो. त्यांचा राग करण्यात अर्थ नाही. फ्युचुराने कुणाचं वाईट केलेलं नाही. फक्त वाचताना दोन प्रश्न स्वतःला विचारत जावे. हे बोलतंय कोण? आणि त्याच्या ‘आपण’मध्ये मी खरोखर आहे का, की मला नुसतं धरलेलं आहे?

हा प्रश्न अर्थातच वक्त्यालाही लागू आहे. गेला तासभर आम्ही इथून ‘आपण, आपण’ म्हणत आलो. ते तुम्हाला कितपत मान्य आहे, हे आता प्रश्नोत्तरांत कळेलच.